आख्ख्या गावाला ठाऊक

खान्देशातल्या कोर्टात साक्षीदाराच्या तोंडून हमखास निघणारं एक वाक्य आहे: "आख्खा गावले मालूम शे, साहेब." वकिलाने विचारलेलं असतं, की बांध फोडताना तुम्ही स्वतः पाहिलंत का? साक्षीदाराला हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. जी गोष्ट पारावर, विहिरीवर, गिरणीत, आठवडे बाजारात सगळ्यांच्या तोंडी आहे, ती मी एकट्याने पाहिली की नाही याला महत्त्व कसलं? तो पुन्हा तेच सांगतो, या वेळी जरा मोठ्याने. वकील पुन्हा विचारतो. शेवटी साक्षीदार म्हणतो, "मी देखं नही, पन खोटं कसं राही?" आणि कोर्टात हसू पसरतं.

कोर्टातल्या किश्शांच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मला त्या हसण्याबद्दल बोलायचं आहे. कोर्टातले गमतीदार, विचित्र प्रसंग सांगणारी पुस्तकं मराठीत आहेत, इंग्रजीत तर पुष्कळच. त्यांत बहुतेकदा वकिलाचा हजरजबाबीपणा, न्यायाधीशाचा चिमटा आणि अडाणी साक्षीदाराची फजिती असते. जळगाव आणि धुळ्याकडचे किस्से ऐकताना मला मात्र दर वेळी जाणवत आलं, की फजिती झालेला साक्षीदार अडाणी नसतो. त्याच्याजवळ खरं-खोटं ठरवण्याची एक जुनी, पक्की रीत असते आणि ती कोर्टाच्या रीतीशी जुळत नाही. हसू येतं ते या दोन रीतींच्या मधल्या फटीतून.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ६० वं कलम सांगत होतं, की तोंडी पुरावा थेट असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्याने बोलावं, ऐकलेल्या गोष्टीबद्दल ऐकणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हा नियम तसाच राहिला. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कोर्टाच्या लेखी फार कच्ची असते, आणि गावाच्या लेखी त्याहून पक्की गोष्ट दुसरी नसते. गंमत अशी, की त्याच जुन्या कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली होती. सार्वजनिक रूढी किंवा हक्क आहे की नाही हे ठरवताना त्याची माहिती असू शकणाऱ्या लोकांचं मत विचारात घेता येतं, असं ४८ वं कलम म्हणत होतं, आणि त्याखाली उदाहरण दिलं होतं ते एका गावच्या लोकांना एका विहिरीचं पाणी भरण्याच्या हक्काचं. विहिरीपुरतं का होईना, कायद्याने गावाचं ऐकलं होतं.

गावाची ही रीत आली कुठून, हे पाहायला खान्देशाबाहेर जावं लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगावी फिरून जी जुनी दप्तरं गोळा केली, त्यांत महजर आणि निवाडपत्रं आहेत. वतनाचा वाद, पाटीलकीचा वाद, मानपानाचा वाद आला, की गोतसभा बसे. गावचे आणि आसपासच्या गावांचे वतनदार, बलुतेदार, शेटे-महाजन जमत, आणि त्यांना ठाऊक असलेलं ते सांगत. त्याचा जो कागद होई तो महजर. त्याखाली सह्यांऐवजी निशाण्या असत: पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, वाण्याचा तराजू. आख्ख्या गावाला ठाऊक असणं हाच तिथे पुरावा होता, आणि तो कागदावर नांगर-तराजू काढून पक्का केला जाई.

त्या पद्धतीत आजच्या वकिलाला थक्क करतील अशा गोष्टी होत्या. वाद ऐकायला घेण्याआधीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे निवाडा होईल तो मान्य करू अशी आधीच दिलेली कबुली. दोघांनी आपापली तकरीर, म्हणजे बाजू, द्यायची, जामीन द्यायचे. निकाल लागला की हरलेल्याने यजितखत लिहून द्यायचं: मी हरलो, माझा दावा खोटा ठरला. त्याने सरकारात गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची, हे समजण्यासारखं आहे. पण जिंकणाऱ्यालाही हरकी भरावी लागे. जिंकल्याच्या आनंदाबद्दल सरकारला द्यायचे पैसे! कोर्ट फीचा स्टॅम्प लावून कंटाळलेल्या आजच्या अशिलाला हे सांगितलं, तर त्याला आपले पूर्वज आपल्याहून गरीब का होते याचं एक कारण कळेल.

आणि गोताला काहीच ठरवता आलं नाही, तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. आधी हात धुऊन नखं कापत, नंतर हाताला पिशवी बांधून त्यावर मोहोर करत आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष उघडून पाहत. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली आला. त्यात ही सगळी यंत्रणा बारकाईने उलगडली आहे. मला त्या पिशवीवरची मोहोर फार बोलकी वाटते. देवावर निकाल सोपवतानाही माणसांनी लबाडी करू नये, याची काळजी तिथे घेतलेली होती. मुद्देमालावर लाखेचं सील लावणाऱ्या आजच्या हवालदाराचा पूर्वज तोच.

दिव्य इंग्रजांनी बंद केलं, पण त्याची सावली कायद्यात बराच काळ टिकली. १८७३ च्या शपथ कायद्यात अशी सोय होती, की समोरच्याने अमुक प्रकारची शपथ घेतली तर ती मला बंधनकारक राहील, असं एखादा पक्ष कोर्टापुढे म्हणू शके. समोरचा तयार झाला आणि त्याने तशी शपथ घेतली, की त्याचं बोलणं त्या मुद्द्यावर निर्णायक. म्हणजे आयुष्यभराचा दावा दोघांना मान्य असलेल्या देवळात एका क्षणात निकालात निघे. १९६९ च्या नव्या शपथ कायद्याने ही सोय ठेवली नाही. पण बेल-भंडार उचलण्याची भाषा काही संपली नाही. आजही उलटतपासणीत कोंडीत सापडलेला म्हातारा हात वर करून म्हणतो, त्याने देवळात येऊन सांगावं, मी आत्ता दावा सोडतो. तरुण वकिलांना हसू येतं. तो म्हातारा मात्र १९६९ पर्यंत चालत आलेला कायदाच सांगत असतो.

इंग्रजी अंमल इथे १८१८ साली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या मुलुखावर आला आणि त्याने धुळ्याला ठाणं केलं. पुढे १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. त्याच १९०६ साली मुंबई इलाख्यात मामलेदार कोर्टांचा कायदा झाला. शेताची वाट अडवली, पाण्याचा पाट अडवला, तर मामलेदाराकडे जायचं. खान्देशातल्या गमतीच्या कज्ज्यांचं हे मोठं आगर. बांधावरच्या लिंबाची सावली कोणाच्या कपाशीवर पडते, यावरून दोन भावांमध्ये उभी राहणारी फिर्याद वरवर हास्यास्पद वाटते. पण ज्याची सगळी मालकी त्या दोन-तीन एकरांत आहे, त्याला नांगराचं एक तास इकडचं तिकडे गेलेलं सोसत नाही. कोणीही शहाणा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकी किरकोळ इजा हा गुन्हा नव्हे, असं दंडसंहितेचं ९५ वं कलम म्हणत असे आणि न्यायसंहितेचं ३३ वं कलम आता म्हणतं. पण किरकोळ काय, हे एकराच्या हिशेबाने ठरवायचं की गुंठ्याच्या, ते कलम सांगत नाही.

मोजमापाचा हा गोंधळ साक्षीपुराव्यात जागोजागी भेटतो. वय विचारलं तर उत्तर येतं, "बहात्तरना दुस्काय पडना तवय मी धाकला व्हतू." अंतर विचारलं तर हाक ऐकू येईल एवढं. वेळ विचारली तर ढोरं घरी यायची वेळ. ही उत्तरं वाईट नाहीत. १९७२ चा दुष्काळ ज्याने पाहिला त्याला तो जन्मदाखल्यापेक्षा पक्का आठवतो. पण जबानीच्या कागदाला मीटर आणि मिनिटं लागतात. मग वकील, न्यायाधीश आणि साक्षीदार मिळून हाकेचे मीटर ठरवायला बसतात. त्या हिशेबात जे काही घडतं ते ऐकण्यासारखं असतं.

शिवाय भाषा. धुळे, शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या बाजूला अहिराणी. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली आणि तावडी. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिल्ली. भाषाभ्यासक ग्रिअरसनने भारताच्या भाषा-पाहणीत खान्देशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं, तो खंड १९०७ चा. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना राज्य सरकारने २१ जुलै १९९८ रोजी काढली. ती निघाली तेव्हा पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी ही इंग्रजीइतकी नसली तरी परकीच होती. साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्याबद्दल न्यायाधीशाने शेरा लिहावा, असं फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या २८० व्या कलमात होतं. साक्षीदार अडखळला, घामाघूम झाला, हसला, हे त्यामुळे कागदावर येऊ शकतं. तो का हसला, हे येत नाही. रोजनाम्यात तर तारीख, हजेरी, मुदत अर्ज आणि पुढची तारीख एवढंच. म्हणून हे प्रसंग वकिलांच्या खोलीत, कारकुनांच्या जेवणाच्या डब्याभोवती आणि स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलापाशी जिवंत राहतात आणि ती माणसं गेली की जातात.

माझा सगळ्यात जीव जडला आहे तो बेलिफांच्या गोष्टींवर. वकील कोर्टात बोलतो, न्यायाधीश कोर्टात ऐकतो. कायदा हातात घेऊन गावात शिरतो तो एकटा बेलिफ. समन्स घ्यायला माणूस सापडत नाही, तेव्हा ते दारावर डकवायचं. घराला दार नसेल, नुसतं झापड असेल, तर? स्थावर मिळकतीची जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातला ५४ वा नियम आजही सांगतो, की हुकूम त्या जागेवर किंवा जागेजवळ ढोल वाजवून अथवा तिथल्या चालीप्रमाणे जाहीर करावा. १९०८ च्या कायद्यातली ही दवंडी मोबाइलच्या जमान्यातही कागदावर वाजतेच आहे. वाजवणारा मिळवायचा, त्याची मजुरी द्यायची, त्याचा अंगठा घ्यायचा. आणि एवढं करून लोक जमले, की त्यांना वाटतं निवडणूक आली.

जप्तीतून काय सुटतं, याची यादी मला कायद्यातला एक फार माणुसकीचा उतारा वाटते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची औतं, पोटापाण्याला लागतील तेवढी गुरं आणि बियाणं: दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम हे सगळं वगळतं. त्यामुळे बेलिफ दारात आला की काही घरांत एकाएकी सगळे बैल औताचे होतात आणि सगळं धान्य बियाण्याचं.

हीच जप्ती उलट दिशेने निघते तेव्हा गावं टाळ्या वाजवतात. धरणासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन गेली, कोर्टाने वाढीव मोबदला ठरवला, सरकारने वर्षानुवर्षं दिला नाही, मग शेतकरी दरखास्त दाखल करतो आणि बेलिफ थेट जिल्हाधिकारी कार्यालयात खुर्ची, संगणक, गाडी जप्त करायला उभा राहतो. महाराष्ट्रात हे वारंवार घडलेलं आहे, एसटीच्या बसही अपघाताच्या भरपाईपोटी जप्त झालेल्या आहेत. वर्तमानपत्रं ही बातमी गमतीची म्हणून छापतात. मला ती गमतीची वाटतेच, पण ज्याच्या जमिनीच्या पैशासाठी साहेबांची खुर्ची उचलावी लागली, त्या माणसाची त्या दरम्यानची वर्षंही मला त्या बातमीत दिसतात.

काळ्या कोटाबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळा कोट सक्तीचा नाही, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला या सवलतीचं मोल वेगळं सांगायला नको.

प्राण्यांचे खटले हा या विषयाचा आवडता कोपरा. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वृद्ध बाईंनी तक्रार केली, की सावत्र मुलाचा पोपट आपल्याला बघून शिव्या देतो. पोलिसांनी मालकाला पोपटासह ठाण्यात बोलावलं. पोपटाने ठाण्यात एक अक्षर काढलं नाही. शेवटी त्याला वनखात्याच्या ताब्यात दिलं. ही बातमी जगभर गेली. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या ओतूं गावच्या उंदरांवर पीक फस्त केल्याचा खटला झाला आणि त्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या शासने नावाच्या वकिलाने, वाटेत मांजरं असल्यामुळे माझे अशील हजर राहू शकत नाहीत, असा युक्तिवाद केला, अशी कथा आहे. पोपटाचं गप्प राहणं मला शासनेच्या युक्तिवादाइतकंच भक्कम वाटतं. ठाण्यात गेल्यावर माणसंही गप्प होतात.

आता या विषयातली सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि तीही जळगावच्या माणसाची. ॲड. उज्ज्वल निकम यांची वकिली जळगावात घडली, आणि सरकारी वकील म्हणून त्यांचं नाव देशभर झालं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याच्या खटल्यात आरोपी कसाब डोळे पुसताना दिसला. दिवस रक्षाबंधनाचा होता. त्याला बहीण आठवली असेल का, अशी चर्चा वाहिन्यांवर सुरू झाली. तेव्हा निकमांनी पत्रकारांना सांगितलं, की कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली. चर्चेचा सूर एका दिवसात फिरला. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. बिर्याणी मात्र मागे राहिली, भाषणांत, विनोदांत, निवडणुकीच्या प्रचारात. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमांनी स्वतःच सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती, त्याला दिलीही गेली नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीचं वातावरण तयार होत होतं, ते मोडण्यासाठी आपण ते रचलं होतं.

बिर्याणीचं ते वाक्य साक्षीत आलेलं नव्हतं. कसाबविरुद्धचा पुरावा प्रचंड होता, निकालाचा बिर्याणीशी काडीचा संबंध नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली ती त्या पुराव्यावर. तरीही मला ही गोष्ट अस्वस्थ करते. सगळा देश साडेपाच वर्षं छातीठोकपणे सांगत होता, आख्ख्या गावाला ठाऊक आहे. आणि ते खरं नव्हतं. साक्षीदाराच्या त्या वाक्यावर कोर्ट का विश्वास ठेवत नाही, याचं याहून स्वच्छ उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही. महजराची रीत मला प्रिय आहे, पण तिथे सांगणाऱ्याला आपला नांगर कागदावर काढावा लागे. बिर्याणीखाली कोणाचीच निशाणी नव्हती.

याच कारणाने किस्से निवडताना मी कडक राहिलो आहे. एक म्हातारी साक्षीला येते, दोन्ही वकिलांची लहानपणापासूनची लक्तरं काढते आणि न्यायाधीश घाबरून म्हणतो, हिला माझ्याबद्दल विचाराल तर खबरदार! हा किस्सा मोबाइलवर फिरतो, जळगावात तो धुळ्याचा म्हणून सांगतात आणि धुळ्यात अमळनेरचा म्हणून. तो मूळचा अमेरिकेतला आहे. तो घेतलेला नाही. पुण्याच्या एका थोरात घराण्याचा मानपानाचा दावा १२०५ साली लागला आणि १९६६ साली निकाली निघाला, ७६१ वर्षं चालला, अशी नोंद गिनेस बुकात आहे. देवगिरीच्या यादवांपासून भारतीय प्रजासत्ताकापर्यंत एकच दावा कोणत्या कोर्टाच्या फायलीत होता, हा प्रश्न कोणताही कारकून विचारील. वाद जुना असेल, दावा एवढा जुना असू शकत नाही. तीही नोंद इथे नाही.

मराठी विनोदाचा आरंभ ज्यांच्या नावाने सांगतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकील होते. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणाऱ्या या माणसाची काही वकिली जळगावातही झाली, पण ते बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव-जामोद. आमच्या जळगावकरांनी त्यांच्यावर हक्क सांगू नये. विनोद आणि वकिली एका माणसात नांदल्या याचं मला नवल वाटत नाही. दोन्हींना माणसाच्या बोलण्यातला एक शब्द नेमका पकडता यावा लागतो. फरक तो शब्द पकडून पुढे काय करायचं यात आहे. साक्षीदाराला केवळ अपमानित करण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीशाने थांबवावा, असं पुरावा कायद्याचं १५२ वं कलम म्हणत होतं. पुस्तकालाही ते लागू असावं, असं मी धरून चाललो. ज्या प्रसंगात हसू फक्त एखाद्या बाईच्या गांगरण्यावर किंवा आदिवासी माणसाच्या मराठीवर होतं, ते प्रसंग कितीही रंगतदार असले तरी बाजूला काढले. घटस्फोटाच्या प्रकरणांतलेही बहुतेक वगळले. त्यात घराघरांतली मुलं असतात आणि ती मोठी होऊन वाचतात.

अशिलांची, साक्षीदारांची आणि गावांची नावं बदलली आहेत. न्यायाधीश आणि वकील नुसत्या हुद्द्याने येतात. सांगणाऱ्याने प्रसंग स्वतः पाहिला की बार रूममध्ये ऐकला, ते प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी लिहिलं आहे, आणि जिथे दोन माणसांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला तिथे दोन्ही पाठ छापले आहेत. अहिराणी, तावडी, लेवा बोलीतली वाक्यं सांगणाऱ्याने उच्चारली तशीच ठेवली, अर्थ त्याच पानाच्या तळाशी दिला. पावरीतले प्रसंग कमी पडले आहेत. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपड्याच्या कोर्टांत ज्यांनी दुभाष्याचं काम केलं, त्यांच्यापाशी ते नक्की असणार, आणि पुढच्या आवृत्तीसाठी मला सगळ्यात आधी त्यांनाच भेटायचं आहे.